गूळ न खाणारा गुळव्या

निमोण्याच्या हरिबा गुळव्याविषयी लिहायचं तर आधी माझी स्वतःची चूक सांगून टाकली पाहिजे. मी फिलिप. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलो, तिथल्याच बोर्डिंगात शिकलो आणि एकोणीसशे बावन्न सालापासून दौंडच्या बाजारात डॉक्टर आठल्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. अंगावर पांढरा कोट चढला की आपण अर्धे डॉक्टर झालो असं माणसाला वाटायला लागतं. मला तर पाऊण झाल्यासारखं वाटायचं. डॉक्टर व्हिजिटला बाहेर गेले की मी बाटल्यांबरोबर सल्लेही भरून द्यायचो.

चोपन्न सालच्या जानेवारीत असंच झालं. पारगावच्या बाजूनं एक बैलगाडी आली. गाडीत चिपाडांवर एक चाळिशीतला माणूस आडवा पडला होता आणि मुंडाशाचं टोक दातात घट्ट धरून होता. उजव्या कुशीतून कळ निघून खाली जांघेपर्यंत जात होती. लघवी लाल. मी दोन प्रश्न विचारले आणि ऐटीत सांगितलं, "मूतखडा आहे. उसाचा रस भरपूर प्या, मार्ग साफ होतो." हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आमच्याकडे सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणालो.

त्या कळीतही तो माणूस हसला. "रसाला काय तोटा, सायब? म्या गुळव्या हाय. उठल्यापासनं रसातच आस्तो."

हा हरिबा. त्याला मी दोन पुड्या दिल्या, गाडी परत गेली, आणि मी माझ्यावरच खूश होऊन पुढच्या पेशंटला हाक मारली.

गुळव्या म्हणजे काय ते न जाणणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो. खाली चुलवाणात चिपाडं पेटलेली असतात. तीन-चार तास रस उकळत, आटत राहतो. अशा एका खेपेला आधण म्हणतात. काहील चुलीवरून कधी उतरवायची, हे एकट्या गुळव्यानं ठरवायचं. जरा लवकर उतरवली तर गूळ मऊ पडतो आणि पाझरतो, जरा उशीर झाला तर करपतो. मालक कितीही मोठा असो, त्या घटकेला तो गुळव्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. हरिबा हे काम बाराव्या वर्षापासून शिकला. निमोण्याला त्याची बाजरीची जिरायत जमीन, तिच्यावर भागेना, म्हणून मामाबरोबर तो भीमेकाठच्या गुऱ्हाळांवर आला. त्याची जीभ अशी तयार झाली की रसाचा थेंब चाखून ऊस नव्या लागणीचा की कापल्यावर पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा, हे तो सांगायचा. पारगावच्या आनंदरावांनी त्याला आपल्या गुऱ्हाळावर ठेवून घेतला होता, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्याला दुसऱ्या कोणाकडे जाऊ देत नसत.

त्या गुऱ्हाळांवर तेव्हा दोन रीती होत्या. पहिली अशी, की काहील चुलीवर असेपर्यंत गुळव्यानं पाणी प्यायचं नाही. पाण्यानं जीभ धुतली जाते, चव चुकते. तहान लागली तर रस प्यायचा. दुसरी रीत मानाची. पाक वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौद्यात, ओतला, घोटला, आणि तो आळायला लागला की कडेचा पहिला घास उसाच्या पात्यावर घेऊन सगळ्यांसमोर गुळव्याला द्यायचा. त्यानं खाल्ला, मान हलवली, की मगच ढेपांचे साचे भरायचे. त्यानं घास नाकारला, तर गूळ पडला असं समजायचं, आणि ते आधण गुरांच्या पुढ्यात जायचं. दिवसाला चार-पाच आधणं. प्रत्येकाला रस चाखायचा, पाक चाखायचा, घास खायचा, वर तहानेला तांब्या तांब्या रस. मी एकदा अंदाज घेतला, तर अर्धा शेर गूळ त्याच्या पोटात रोज जात होता, रस वेगळाच. पंचवीस वर्षं.

माझ्या सल्ल्यानं हरिबा पहिल्यापेक्षा जास्त रस प्यायला लागला. पंचावन्न साली त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. उजव्या मूत्रपिंडात खडा वाढून ते पार निकामी झालं होतं, ते काढून टाकलं. परत आल्यावर आठल्यांनी पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि त्याला समोर बसवून सांगितलं, "हरिबा, आता एकच उरलंय. त्यात खडा अडकला तर आम्हाला काही करता येणार नाही. घाम फार जातो तुमचा आणि पाणी पीत नाही तुम्ही. पाणी प्या."

डॉक्टर आत गेल्यावर मी त्याला बाहेरच्या बाकावर गाठलं. रात्रंदिवस मला ते टोचत होतं. म्हणालो, "हरिबा, रस प्या म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला. चुकलं माझं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच पेशंट आणि तो डॉक्टर. "तुमी सांगायच्या आदीबी म्या पीतच हुतो की. तुमी निस्ती व्हय म्हनलात. आता रडू नगासा, मानसं बगत्यात." आणि स्वतःच हसला. पोटावर हातभर टाक्यांचा व्रण आणि हा हसतोय. मी त्या दिवसापासून न कळणाऱ्या गोष्टीचा सल्ला देणं सोडलं, हे माझ्या नोकरीतलं एकमेव शहाणपण.

आता खरी गोष्ट सुरू होते. हरिबाला अक्षरओळख नव्हती. पण त्याच्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि तो त्यानं सोडला नाही. आनंदरावांच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं टाकायला भिमाजी नावाचा माणूस होता. हरिबाच्या बरोबरीचा, त्याच सालापासून तिथं कामाला. हरिबा काहिलीच्या वर उभा, तर भिमाजी जाळाच्या तोंडाशी बसलेला. त्याच्या अंगातून हरिबाच्या दुप्पट घाम जायचा. तरी त्याला कधी खडा झाला नाही. का? हरिबा म्हणाला, "तो घागर घिऊन बसतो. पानी पितो." डॉक्टरांचं म्हणणं बरोबर बसत होतं. मग रीत मोडून हरिबाही पाणी प्यायला लागला. काहिलीशेजारी त्यानं स्वतःची घागर मांडली. शेजारच्या गुऱ्हाळांवर लोक त्याला हसले. बाकी चाखणं, पहिला घास, सगळं चालू होतं, कारण त्यावाचून गुळव्याला गुळव्या कोण म्हणेल?

दोन हंगाम असे गेले. सत्तावन्नच्या मार्चमध्ये तो पुन्हा गाडीत घालून आणला गेला, या वेळी डावी कूस. राहिलेलं एकच मूत्रपिंड. लघवी जवळजवळ बंद झाली होती. बरोबर बायको सारजाबाई होती. आठल्यांनी चिडून विचारलं, "पाणी पिता की नाही? खरं सांगा."

सारजाबाई पुढं झाली. ती गुऱ्हाळावरच खोपीत राहायची. "सायब, रोजचं बारा तांबं. म्या खोपीच्या भितीवर कोळशाच्या रेघा वढल्यात. येका दिसाचं चुकलं आसंल तर माझं नाव सारजा न्हाई."

दोन दिवस मी बाटलीतून थेंब थेंब औषध देत होतो आणि मनात प्रार्थना म्हणत होतो, माझ्या बायकोलाही चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना करायला लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी खडा आपसूक पडला, ज्वारीच्या दाण्याएवढा. हरिबा घामानं न्हालेला, पांढराफटक, उशीला टेकून बसला होता. मला वाटलं, आता हा देवाचं नाव घेईल. त्यानं मला जवळ बोलावलं.

"फिलिपसायब," तो म्हणाला, "घाम भिमाजीचा जास्ती. पानी आता दोघंबी सारखंच पितो. जाळ तोच, गाव तेच, भाकरी तीच. आता आमा दोघांत फरक येकच ऱ्हायला."

"कुठला?"

"तो गूळ खात न्हाई. मान माझा हाय, त्येचा न्हाई."

मी हे वाक्य आजही विसरलेलो नाही. मी चार बुकं शिकलेला, रोज औषधांच्या वासात वावरणारा, शेकडो खडेवाले पाहिलेला, आणि मला हे कधी सुचलं नाही. अंथरुणात पडल्या पडल्या या माणसानं एकेक कारण बाजूला काढलं, उरलं त्यावर बोट ठेवलं. मी धावत जाऊन आठल्यांना सांगितलं. ते शांत माणूस. म्हणाले, "पुस्तकात असं काही नाही, फिलिप. एकदा खडा झाला की तो पुन्हा होतोच बहुतेकांना. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही." मग म्हणाले, "पण त्याला सांग, गूळ सोडला तर काही बिघडणार नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आज माझी नात डॉक्टर आहे. ती मला सांगते की फार साखर खाल्ली की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खड्याचा धोका वाढतो, मग ती साखर चहातली असो, सरबतातली असो की गुळातली. मी तिला म्हणतो, हे मला सत्तावन्न साली एका माणसानं खाटेवरून सांगितलं. ती मान डोलावते, पण तिला ते पटतं असं वाटत नाही.

गूळ सोडणं मात्र सोपं नव्हतं. गवंड्यानं ओळंबा टाकून द्यावा, तशातली गत. जीभ हीच त्याची भाकरी होती. त्या दिवाळीला हंगामाच्या पहिल्या आधणाला मी मुद्दाम पारगावला गेलो. आनंदरावांनी मला खुर्ची दिली. सगळे जमले होते, शेजारच्या गुऱ्हाळांवरचे दोन गुळवेही आले होते. काहील उतरली, पाक वाफ्यात पडला, त्याचा तो पिवळाधमक रंग बघून मला भूक लागली. आनंदरावांनी स्वतः उसाचं पातं घेतलं, कडेचा घास उचलला आणि हरिबापुढं धरला.

हरिबानं पातं हातात घेतलं. ते नाकाजवळ नेलं. आणि खाली केलं.

आनंदरावांचा चेहरा उतरला. "काय रं हरिबा? पडला का गूळ?"

"न्हाई, आबा. गूळ झ्याक हाय. पर म्या खानार न्हाई. आता कवाच खानार न्हाई."

"मग चव कोन सांगनार? हे काय डोळ्यानं चाखायचं हाय व्हय?" मागून एका गुळव्यानं टोमणा मारला आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले. मला असा राग आला की मी खुर्चीवरून उठलोच. पण हरिबाला मदतीची गरज नव्हती.

तो आनंदरावांना म्हणाला, "ह्यो ऊस वढ्याकडच्या वावरातला हाय. पयल्यांदा गोड लागंल. मग जिभंच्या कडंला बारीक खारं. घशात जाळ न्हाई. पुढच्या आधनाला भेंडीच्या झाडाचा चीक जरा जास्ती घाला, म्हंजी मळी नीट निगंल." आणि त्यानं चुलवाणाकडे वळून हाक मारली, "भिमाजी, इकडं ये. तू खा आन् सांग."

भिमाजी काजळीनं माखलेला, कमरेला पंचा, जागचा हलेना. इतक्या वर्षांत त्याला कोणी वाफ्याजवळ बोलावलं नव्हतं. त्यानं हात पंच्याला पुसले, तरी काळेच राहिले. शेवटी हरिबानंच घास त्याच्या तोंडात घातला. भिमाजीनं डोळे मिटले. सगळे त्याच्या घशाकडे बघत होते.

"व्हय," तो म्हणाला. "ग्वाड हाय. आन् कडंला खारं लागतंय."

आनंदरावांनी बोट बुडवून स्वतः चाखलं, मग दुसऱ्यांदा चाखलं. ऊस ओढ्याकडच्या वावरातला होता, हे त्यांच्या आणि ऊस आणणाऱ्या गड्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. "कसं कळलं रं तुला?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू झाला होता.

"फेस बसका हुता," हरिबा म्हणाला. "खाऱ्या उसाचा फेस वर येत न्हाई, आन् काहिलीचा आवाज भरल्या घशानं बोलल्यावानी येतो. खारं वावार तर तुमचं वढ्याकडचंच. जिभंच्या जोडीला म्या इतकी वर्सं कान आन् डोळं वापरतच हुतो. ध्येनात आज आलं."

टोमणा मारणारा गुळव्या पुढं आला आणि त्यानं वाकून हरिबाच्या पायाला हात लावला. मी काय केलं? मी नुसता उभा होतो. माणसाचं एक दार बंद झालं की तो बंद दारापाशी बसतो, मी अशीच माणसं पाहिली होती. हा माणूस त्याच भिंतीतून चालत पलीकडे गेला होता.

त्यानंतर चार हंगाम हरिबानं गुळाचा कण तोंडात घातला नाही. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळीऐवजी भाकरी. आनंदरावांच्या ढेपा बाजारात आधी उचलल्या जायच्या. प्रत्येक आधणाचा पहिला घास भिमाजीला मिळायचा, आणि तो मान त्याला इतका मानवला की मळलेला पंचा जाऊन त्याच्या अंगावर सदरा आला. सगळे म्हणायचे, हरिबानं गड्याला माणसात आणलं. तिसऱ्या वर्षी हरिबा औषधाला आला, तेव्हा सहज म्हणाला, "फिलिपसायब, मानसानं दिसातनं लगवीला किती डाव जावं? भिमाजीसाटनं इचारतो." मी त्याची चेष्टा केली. म्हटलं, आता दुसऱ्याच्या लघवीचीही राखण करता का? तो हसला नाही.

एकसष्टच्या एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर तो दवाखान्यात आला. आठल्यांनी आदल्या वर्षी एक्स-रेचं यंत्र आणलं होतं. त्यांना हरिबाचं मूत्रपिंड एकदा पाहायचं होतं, म्हणून निरोप धाडला होता. बरोबर भिमाजी होता. मला वाटलं, सोबतीला आला असेल. फोटो काढला, मी तो धुतला, वाळवला, आणि आठल्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ ते बघत राहिले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "वाळूसुद्धा नाही."

मला नाचावंसं वाटलं. हरिबाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तो उठला, दार उघडून बाहेर गेला आणि भिमाजीला दंडाला धरून आत घेऊन आला.

"आता ह्येचं बगा, सायब."

"याला काय होतंय?"

"मला?" भिमाजी म्हणाला. "मला काय बी न्हाई. ह्यो उगाच वढून आनतोय."

"माज्या वाटचा गूळ चार वर्सं ह्येनं खाल्लाय," हरिबा म्हणाला. "दिसाला चार-पाच येळा. म्या मान वाचवाया दिला. मला वाटायचं, ह्यो पानी पितो, ह्येला काय व्हत न्हाई. मग दोन सालं झोप उडाली. बगा, सायब. म्या हात जोडतो."

भिमाजीचा फोटो मी धुतला, वाळवला. आठल्यांनी तो खिडकीशी धरला. उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या मूत्रपिंडात खाली, मुगाच्या डाळीएवढा, एक पांढरा ठिपका होता. त्यांनी भिंग आणायला सांगितलं, भिंगातून पाहिलं, आणि ते खाली ठेवलं.

"लहान आहे," ते म्हणाले. "कापाकापी नको. पाणी भरपूर प्या, पडून जाईल."

"आन् गूळ?" हरिबानं विचारलं.

डॉक्टर आठल्ये माझ्या पाहण्यातले सगळ्यात काटेकोर गृहस्थ. पुस्तकात नसलेली गोष्ट त्यांनी पेशंटला कधी सांगितली नाही. ते टेबलावरच्या दोन फोटोंकडे पाहत राहिले. एक चार वर्षं गूळ न खाल्लेल्याचा, दुसरा खाल्लेल्याचा. मग त्यांनी चष्मा काढला.

"गूळ बंद," ते म्हणाले. "आजपासून. यालाही."

हरिबा खुर्चीवर न बसता तिथंच जमिनीवर बसला आणि मुंडाशात तोंड घालून रडायला लागला. मूत्रपिंड काढलं तेव्हा न रडलेला माणूस. भिमाजी गोंधळून त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"आरं, रडतुयास कशापायी?" तो म्हणाला. "मला दुकत बी न्हाई."

हरिबानं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मला बी पयल्यांदी दुकत नव्हतं, गड्या."